शनिवारच्या आधी

चि. मनू,

अनेक उत्तम आशीर्वाद.

काल फोन आधी कोणी ठेवला यावर आता वाद नको. 'जाऊ नकोस' हेही मी पुन्हा लिहिणार नाही. शनिवारी तुम्ही चौघं बर्फाच्या डोंगरावर स्कीइंगला निघणार, शिकवणारे सर या वेळी बरोबर नसणार, ठरलं म्हणजे ठरलं. ताई म्हणते, पत्र लिहू नकोस, तो वाचणार नाही. पण औषधाच्या खोक्यातला कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचणारा मुलगा तू. वाचशील.

तू पाठवलेल्या हिमस्खलनाच्या कोर्सच्या नोट्स मी सगळ्या वाचल्या. 30 ते 45 अंशांचा उतार असला की सावध व्हायचं. वाऱ्याने आणून टाकलेल्या ताज्या बर्फावर भरवसा ठेवायचा नाही. पायाखाली 'धप्प' असा आवाज आला किंवा स्कीच्या टोकापासून भेग पळत गेली, तर आतला कच्चा थर खचला असं समजायचं आणि तिथून मागे फिरायचं. खाली सपाटीवर उभं असतानासुद्धा वरच्या उतारावरचा बर्फ सुटू शकतो, हे वाचल्यावर मला झोप लागली नाही, ते असो. माणसं हिमस्खलनात सापडतात तेव्हा दहांतल्या नऊ वेळा ते त्यांनी स्वतः किंवा त्यांच्याच गटातल्या कोणीतरी सुरू केलेलं असतं, हे वाचून मात्र उलट बरं वाटलं. आभाळच कोसळणार असतं तर आईने काय करायचं? इथे माणसांच्या हातात काहीतरी आहे. पण कोणत्या माणसांच्या?

ते तिघं कोण आहेत रे?

नावं नकोत मला. शनिवारी तुझ्या मागे कोण असेल, एवढंच विचारते. तुझ्या छातीवरचा ट्रान्ससीव्हर, ते संकेत पाठवणारं आणि शोधणारं यंत्र, तुला वर काढणार नाही. तू गाडला गेलास तर शोधायचं दुसऱ्याच्या ट्रान्ससीव्हरने, टोचून बघायचं दुसऱ्याच्या प्रोबने, म्हणजे त्या लांब काठीने, आणि उपसायचं दुसऱ्याच्या फावड्याने. 1994 साली स्वित्झर्लंडच्या नोंदींवरून हिशेब मांडला होता, की 15 मिनिटांच्या आत बाहेर काढलेल्यांपैकी शंभरातले नव्वद जगतात आणि 35 मिनिटांपर्यंत तिसरा हिस्साच उरतो. 2024 मध्ये नव्याने पाहिलं तर ती 15 मिनिटं 10 वर आलेली. बाहेरून मदत बोलावली तर ती येईपर्यंत हा वेळ केव्हाच संपलेला असतो. म्हणून विचारते. त्या तिघांनी फावडं शेवटचं कधी चालवलंय? नुसतं शोधणं नव्हे, खणणं. सगळ्यात जास्त वेळ खणण्यातच जातो, असं तुझ्याच नोट्समध्ये आहे. गाडलेल्याच्या डोक्यावर उभं राहून खणायचं नाही, उताराच्या खालच्या बाजूने आत शिरायचं, हे त्यांना माहीत आहे का?

तुझा सरावाचा व्हिडिओ मी किती वेळा पाहिला ते सांगत नाही. पुरलेला ट्रान्ससीव्हर तू शोधतोस, आणि मग 'प्रोब इकडे, तू मागे थांब, तू खण' असं ओरडतोस तो आवाज मला अनोळखी वाटला. घरात तू कधी इतक्या मोठ्याने बोललास? शेजारच्या काकूंनाही दाखवला. त्यांना काही कळलं नाही, पण मान डोलावली.

आता खरं लिहिते. मला बर्फाची भीती आहेच, पण त्याहून जास्त तुझ्या भिडेची आहे. मावशीने आणलेले बूट आठवतात? एक नंबर लहान होते. सहलीला तू ते दिवसभर घालून चाललास. घरी आलास तेव्हा मोजे रक्ताने चिकटले होते. 'सांगितलं का नाहीस?' म्हटलं, तर म्हणालास, 'सगळे चालत होते.' त्या वेळी सगळे हसले. मी नाही हसले. तीच गत सायकलच्या वेळी, तीच कॉलेज बदलताना. भीड भिकेची बहीण म्हणतात, आणि डोंगरावर तर ती पैशांवर भागत नाही.

हिमस्खलनाचा धोका 1 ते 5 अंकांत सांगणाऱ्या बुलेटिनमध्ये 3 लिहिलेलं असलं तर काय कराल तुम्ही? पाचात तीन म्हणजे काठावर का होईना पास, असंच कोणालाही वाटणार. पण स्वित्झर्लंडमध्ये हिमस्खलनातले सुमारे निम्मे मृत्यू त्या 3 च्याच दिवसांत होतात. 5 ला सगळे घरी बसतात, 3 ला आकाश निळं असतं, गाडी घेऊन दूरवर आलेले असता आणि एक जण म्हणतो, 'मी इथे दहादा आलोय.' इयान मॅकॅमन या अभ्यासकाने अमेरिकेतले हिमस्खलनाचे सातशेहून जास्त अपघात तपासले. ओळखीच्या जागी शिकलेले गटसुद्धा न शिकलेल्यांइतकाच धोका पत्करत होते, असं त्याला दिसलं. म्हणजे ज्ञान होतं, तोंड उघडलं नाही. तुझ्यासारखेच असतील कोणी.

झालं, सुरू झालं माझं भाषण. रागावू नकोस. तुला शिकवायला मी कोण, मी तर जिन्यावरूनसुद्धा कठडा धरून उतरते. एका वेळी एकानेच उतार ओलांडायचा आणि बाकीच्यांनी आडोशाच्या जागी थांबून त्याच्यावर नजर ठेवायची, हे तुला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. मला फक्त एवढंच कळू दे, की चौघांपैकी एकाने 'नको' म्हटलं की चौघं परत, हे निघण्याआधी मोठ्याने बोलून ठरवलंत का? उतारावर उभं राहून ठरवायचं नाही, गाडीतच ठरवायचं. आणि ते पहिल्यांदा तू बोल. व्हिडिओतल्या आवाजात.

ट्रान्ससीव्हरमध्ये नव्या अल्कलाइन बॅटऱ्या घाल. मोबाइल त्याच्यापासून वीतभर तरी लांब ठेव, आणि कोणाला शोधताना हातभराहून जास्त. निघताना एकमेकांचे ट्रान्ससीव्हर तपासा, अगदी त्या दहादा आलेल्याचासुद्धा. शुक्रवारी संध्याकाळी त्या तिघांना घेऊन एकदा पुरण्या-शोधण्याचा सराव कर, खणण्यासकट. कंटाळतील, कंटाळू देत. जो येणार नाही त्याच्याबद्दल तुला शनिवारच्या आधीच कळेल.

खाली आलात की मेसेज टाक. फोन करायचा तर संध्याकाळी कर. बाबांच्या वेळेपासून दुपारी फोन वाजला की मला उचलवत नाही, तुला माहीत आहे.

तुझी,
आई

ता. क. : अर्ध्यातून परत आलात आणि सुट्टी फुकट गेली असं तिघं कुरकुरायला लागले, तर त्यांना सांग, पुढच्या खेपेचं चौघांचंही भाडं माझ्याकडून. ताईला हे सांगू नकोस.