सुभेदार साहेब, शनिवारच्या वाचनाबद्दल

आदरणीय सुभेदार साहेब,
सप्रेम नमस्कार.

स्नेहसंमेलनात शाल-श्रीफळ देऊन तुमचा सत्कार करायचं आम्ही ठरवलं होतं. तुम्ही प्राचार्यांना हात जोडून नको म्हणालात, म्हणून हे पत्र. ते उघड लिहिते आहे, कारण शनिवारच्या युद्धकादंबरीच्या वाचनाला बसून तुम्ही आमच्या अकरावी-बारावीच्या मुलांसाठी जे केलंत ते इतर शिक्षकांनाही कळावं असं मला मनापासून वाटतं.

आमच्या वर्गातली कितीतरी मुलं पहाटे सैन्यभरतीसाठी सोळाशे मीटर धावण्याचा सराव करून कॉलेजला येतात. सातारा जिल्ह्यात यात नवल नाही. अपशिंगे गावाच्या नावामागे तर ‘मिलिटरी’च लागलेलं आहे. साडेसतरा पूर्ण झाली की अर्ज भरायचा, हे घराघरात ठरलेलं. अशा मुलांपुढे एरिश मारिया रेमार्कची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’, म्हणजे पहिल्या महायुद्धात शाळेच्या बाकावरून लढाईवर गेलेल्या जर्मन पोरांची कादंबरी, वाचावी की नाही, यावरून आमच्यात दोन तट पडले होते. पोरांचं मन खच्ची होईल, घरचे जाब विचारायला येतील, असं काहींचं म्हणणं. त्यात तथ्य नव्हतं असं मी म्हणणार नाही. मी तुमच्याकडे आले ते याचसाठी. तुम्ही कादंबरी कशाबद्दल आहे एवढंच विचारलंत आणि म्हणालात, “वाचा. मीबी बसतो.”

पहिल्याच प्रकरणात तुम्ही मला थांबवलंत. दीडशे माणसांची कंपनी आघाडीवर जाते आणि ऐंशीच परततात. स्वयंपाक मात्र दीडशेंचा झालेला असतो. आचारी वाढायला तयार नाही, पोरं हटून बसलेली, आणि शेवटी प्रत्येकाला दुप्पट जेवण मिळतं. पोटभर जेवून ती खुशीत उन्हात पडतात. मी ‘युद्धाने माणूस किती बधिर होतो’ असं काहीतरी सांगायला लागले होते. तुम्ही म्हणालात, बधिर नाहीत ती, भुकेली आहेत. लंगरासमोर उभा राहिलेला जवान आधी ताट बघतो, मेलेल्यांची आठवण रात्री येते. मुलं त्या क्षणापासून कादंबरीत शिरली.

बुटांचंही तसंच झालं. त्या पोरांतल्या केमेरिखचा पाय कापलेला आहे, तो मरणार हे सगळ्यांना दिसतं आहे आणि त्याचा सोबती म्युलर याला त्याचे मऊ चामड्याचे बूट हवे आहेत. मुलं म्युलरवर चिडली. तुम्ही त्यांना तुमच्या नोकरीतल्या थंडीच्या ठाण्यांबद्दल सांगितलंत. ओल्या बुटाने पाय कसा जातो, पाय गेला की माणूस कसा जातो. “त्याला नावं ठिवू नका. बूट मेलेल्याच्या कामाचं न्हाईत, आन् जित्याला उद्या चालायचंय.” रेमार्कनेही तेच लिहिलं आहे: केमेरिखला त्या बुटांचा उपयोग असता, तर म्युलर काटेरी तारेवरून अनवाणी चालला असता, पण ते घेण्याचा विचारही त्याने केला नसता. हे वाक्य मी अनेकदा वाचलं होतं. त्याचं वजन मुलांना तुमच्यामुळे कळलं.

पण मला सर्वांत जास्त आभार मानायचे आहेत ते कांटोरेकच्या दिवसाबद्दल.

कांटोरेक म्हणजे कादंबरीचा नायक पाउल बॉयमर याचा वर्गशिक्षक. तो देशभक्तीची भाषणं करकरून सगळा वर्ग भरतीच्या कचेरीत घेऊन जातो. एकच मुलगा, जोसेफ बेम, कां-कूं करतो. पण मागे राहिला तर सगळे वाळीत टाकतील म्हणून तोही जातो. आणि पहिला तोच मरतो. डोळ्याला लागलेलं, मेला समजून सोडून दिलेला. दुपारी त्याच्या हाका ऐकू येतात. दिसत नसल्याने त्याला आडोसा धरता येत नाही. कुणी आणायला जाण्याआधीच तो टिपला जातो. मी शिक्षिका आहे. हे पान वर्गात मोठ्याने वाचणं मला जड गेलं.

त्या दिवशी एका मुलाने विचारलं की सैनिकाचं सगळ्यात आधी काय तुटतं, हिंमत का? तुमचं उत्तर मी त्याच संध्याकाळी वहीत लिहून ठेवलं. “भीतीची सवय हुती. आपल्या मोठ्यांनी आपल्याला खोटं सांगितलं, ह्याची कधी हुत न्हाई.” अशा युद्धकादंबऱ्यांतल्या पोरांचं जे हरवतं त्याला समीक्षेत पुष्कळ नावं आहेत. मला तुमचं निदान सगळ्यांत नेमकं वाटतं. पाउल आणि त्याचे सोबती मरण पाहून तर हादरतातच, पण जास्त हादरतात ते हे पाहून की ज्यांच्यावर विश्वास टाकला त्या मास्तरांना, वडीलधाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं आणि तरी ते ठामपणे बोलत होते. पाउल रजेवर घरी येतो तेव्हा गावातले प्रतिष्ठित लोक त्याला सिगार देतात आणि सैन्याने कुठे मुसंडी मारावी हे त्यालाच समजावून सांगतात! वडिलांना मुलाने गणवेशातच हिंडावं असं वाटतं. आई तेवढी विचारते, तिकडे फार वाईट आहे का रे, आणि तो नाही म्हणतो. आता खोटं बोलायची पाळी त्याच्यावर आलेली असते.

तुम्ही मुलांना हेही स्पष्ट सांगितलंत की तुम्ही फौजेला दोष देत नाही, आणि भरती होऊ नका असंही म्हणत नाही. जायचं तर खरं काय ते माहीत करून जा, एवढंच. गॅसच्या प्रकरणात नवी पोरं खड्ड्यात असतानाच मुखवटे काढतात, गॅस सखल जागी साचून राहतो हे त्यांना ठाऊक नसतं, आणि ती जातात. तुम्ही ते वाचन थांबवून आवाजावरून मारा कसा ओळखायचा, कान कसा तयार होतो, हे जवळजवळ तासभर सांगत राहिलात. एका जुन्या सैनिकामागे पाच ते दहा नवे मरतात असं रेमार्क लिहितो, ते का, हे मुलांना त्या तासात उमगलं. रेमार्क स्वतः १९१७ च्या जुलैअखेर जखमी झाला, त्याआधी आघाडीवर काही आठवडेच होता. इस्पितळात शेजारच्या खाटांवरच्या जखमींकडून ऐकलेलं पुष्कळ त्याच्या लिखाणात उतरलं. हे सांगितल्यावर तुम्हाला झालेला आनंद मला आठवतो.

पुस्तक १९२९ साली आलं आणि १९३३ च्या मे महिन्यात नाझींनी ते बर्लिनमध्ये जाळलं. मुलांनी विचारलं, एवढी भीती कशाची? तुम्ही म्हणालात, पुढच्या लढाईला पोरं लागणार होती. दुसरं महायुद्ध सुरू व्हायला तेव्हा सहा वर्षं होती.

आणि तो प्रश्न, ‘जर्मन हरले म्हणून हे असं रडकं लिहिलंय का?’ प्रश्न चोख होता. म्हणून आपण व्हिएतनामी लेखक बाओ निन्हच्या ‘द सॉरो ऑफ वॉर’ या कादंबरीतली काही पानं घेतली. अमेरिकेविरुद्धच्या युद्धात उत्तर व्हिएतनाम जिंकलं होतं, लेखक स्वतः उत्तर व्हिएतनामच्या बाजूने लढलेला. त्याचा नायक किएन जिंकल्यानंतर जंगलात आपल्याच सोबत्यांचे सांगाडे गोळा करत फिरतो. त्यावर तुम्ही फार बोलला नाहीत आणि मुलांनीही पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

पुढच्या बॅचसाठी एक विनंती आहे. या वेळी मला मुल्कराज आनंद यांची ‘अक्रॉस द ब्लॅक वॉटर्स’ ही पहिल्या महायुद्धावरची कादंबरी घ्यायची आहे. पंजाबातला शेतकऱ्याचा पोर लालू १९१४ साली फ्रान्समधल्या मार्सेयच्या बंदरात उतरतो, गोऱ्यांचा मुलूख पाहून हरखतो आणि फ्लँडर्सच्या आघाडीवरच्या चिखलात पोचतो. लेखकाचे वडील डोग्रा पलटणीत सुभेदार होते आणि पुस्तक त्यांनाच अर्पण केलेलं आहे. त्याच्या जोडीला त्या युद्धातली भारतीय शिपायांची खरी पत्रं वाचू. ती सेन्सॉरमधून जायची, म्हणून काहींनी ‘काळी मिरी’ म्हणजे आपले आणि ‘लाल मिरची’ म्हणजे गोरे अशी सांकेतिक भाषा वापरली. काळी संपत आली, असं कळवलं की घरच्यांनी समजून घ्यायचं.

आपल्या मराठा पलटणीही त्या युद्धात होत्या, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तुर्की सैन्याने कूत-अल-अमाराला घातलेल्या वेढ्यात, ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीपर्यंत, १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणींतले शिपाई उपासमारीत अडकले होते. तिथे अन्नाचा हिशोब कसा लागला असेल, रोज किती पीठ, घोड्याचं मांस खायला कोण तयार झाला आणि कोण नाही, हे मुलांना तुमच्याइतकं नीट कुणी सांगू शकणार नाही.

जूनच्या दुसऱ्या शनिवारपासून सुरुवात करू या का? वेळ तीच, दुपारी तीनची. या खेपेला काकूंनाही घेऊन या. तुम्ही सीमेवर असताना घरी येणारी ‘मी खुशाल आहे’ची पत्रं वाचून त्यांना काय वाटायचं, ते मुलींना त्यांच्याकडूनच ऐकायचं आहे, आणि मलाही.

तुमची ऋणी,
कनिष्ठ महाविद्यालयातील मराठीची शिक्षिका