रविवारी दुरुस्तीची सकाळ: भंगारवाल्याला देण्याआधी घेऊन या

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी १० ते १ सोसायटीच्या हॉलमध्ये दुरुस्तीला बसणार आहोत. बंद पडलेला मिक्सर, पंखा, इस्त्री आणा. वॉरंटीत असलेली वस्तू मात्र उघडणार नाही, म्हणून बिल सोबत असू द्या.

मागच्या महिन्यात वाटण करताना आमचा मिक्सर थांबला. सर्व्हिस सेंटरने मोटर बदलायला सांगितली, खर्च जवळपास नव्या मिक्सरएवढा. शेजारच्या काकांनी भांडं काढून मिक्सर उलटा केला, तळाचं लाल बटण दाबलं आणि मिक्सर सुरू! जास्त ताण आला की ते बटण बाहेर येतं, एवढंच होतं. पंखा मंद फिरत असेल तर बहुधा कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) गेलेला असतो. तोही स्वस्तात बदलतो.

आपली वस्तू हवी तिथे दुरुस्त करून घेता यावी, या दुरुस्तीच्या हक्काचा आपल्याकडे स्वतंत्र कायदा अजून नाही. पण केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. सुटे भाग, सर्व्हिस सेंटर, वॉरंटी यांची कंपन्यांनी दिलेली माहिती तिथे आहे. नवीन वस्तू घेण्याआधी जरूर बघा. सुटा भाग नाकारला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार करा; गप्प बसू नका.

मायक्रोवेव्ह आणि फुगलेल्या बॅटरीचे मोबाइल कृपया आणू नका. मायक्रोवेव्हच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणा विद्युतभार साठून राहू शकतो.

नावं शुक्रवारपर्यंत इथेच कळवा.

– सचिव