अपडेटनंतरचा दोष युनिकोडच्या माथी नको

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. उबुंटू या मोफत संगणक प्रणालीच्या २०.०४ आवृत्तीची नेहमीची मुदत त्याच वर्षी त्याआधी संपली होती. त्यामुळे शाळा, पतसंस्था, वाचनालये अशा सगळीकडे संगणकांवर नव्या प्रणाली चढवण्याचे काम चालू आहे. ते व्हायलाच हवे. पण अपडेटनंतर नेहमीची एखादी कमांड वेगळे काही करू लागली आणि समोरचा मजकूर मराठीत असला, की पहिल्याच मिनिटाला निकाल दिला जातो: ‘मॅडम, युनिकोडचा प्रॉब्लेम आहे.’ युनिकोड म्हणजे मराठीसह साऱ्या लिप्यांची अक्षरे संगणकात साठवण्याची पद्धत. या निकालाविरुद्ध मला लिहायचे आहे, कारण त्याने चुकीच्या जागी शोध सुरू होतो आणि मराठीतले काम विनाकारण बंद पडते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका सार्वजनिक वाचनालयात ग्रंथसूचीचे काम पाहते. बॅश हा शेल, म्हणजे लिहून दिलेल्या कमांड पार पाडणारा प्रोग्राम, आणि स्क्रिप्ट म्हणजे अशा कमांडची फाइल. आमच्या नोंदींतून एक बॅश स्क्रिप्ट दोन गोष्टी तयार करते: पुस्तकात ठेवायचे कार्ड आणि सूचीचे वेबपान. कार्डाच्या साच्यात @शीर्षक@, @लेखक@, @विषय@ अशा खुणा आहेत. स्क्रिप्ट त्यांच्या जागी नोंदीतला मजकूर भरते. उबुंटू २२.०४ वरून २४.०४ वर गेल्यानंतर कार्डांवर ‘शेती & पशुपालन’ या विषयाच्या जागी ‘शेती @विषय@ पशुपालन’ असे छापून येऊ लागले. वेबपानावर मात्र हाच विषय अगदी बरोबर दिसत होता. तिथे वेगळीच गडबड होती. ज्या शीर्षकांत दुहेरी अवतरणचिन्हे होती, त्या प्रत्येक चिन्हाला ‘क्वोट;’ अशी इंग्रजी शेपटी फुटली होती. ती शीर्षके कार्डांवर नीट होती. कुठेही एररचा संदेश नाही, स्क्रिप्ट व्यवस्थित शेवटपर्यंत गेलेली.

प्रणाली चढवून देणाऱ्यांचा सल्ला होता की फॉन्ट बदला, नाही तर जुनी आवृत्ती परत टाका. दोन्हींची गरज नव्हती. इंग्रजी पुस्तकांच्या नोंदीही बिघडल्या होत्या आणि जोडाक्षरांनी भरलेल्या शेकडो मराठी नोंदींना धक्काही लागला नव्हता. फॉन्टचा दोष असा निवडक नसतो.

जुना संगणक आम्ही अजून मोडीत काढला नव्हता, त्याचा फार उपयोग झाला. त्यावर बॅश ५.१.१६ होते, नव्यावर ५.२.२१. तीच नोंदवही दोन्हींवर चालवली आणि निघालेल्या फायली डिफ कमांडने ताडून पाहिल्या. कार्डांच्या ज्या ओळींत फरक होता, त्या प्रत्येक ओळीत & होते. मग सगळी स्क्रिप्ट बाजूला ठेवून एकच ओळ उरवली: एक व्हेरिएबल (मजकूर साठवणारे नाव), मजकुराची एक अदलाबदल आणि निकाल पडद्यावर दाखवणारी एक इको कमांड. फरक तेवढ्यातही दिसला. आता खुलासा शोधायला कुठे जायचे हे स्पष्ट होते. बॅशबरोबर डॉक फोल्डरमध्ये ‘न्यूज’ नावाची फाइल येते, ती फार थोडे लोक उघडतात. सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या ५.२ मध्ये ‘पॅटसब रिप्लेसमेंट’ नावाची नवी सोय आली आणि ती आपोआप चालूच असते, हे त्यात लिहिलेले आहे.

सोय अशी. मजकुरातला एक तुकडा काढून दुसरा घालताना, घालायच्या तुकड्यात & उघडे असेल तर बॅश त्याचा अर्थ ‘जे सापडले ते’ असा घेते. मजकूर बदलणाऱ्या सेड या जुन्या कमांडमध्ये हा अर्थ कित्येक दशकांपासून आहे. ‘शेती & पशुपालन’मधल्या & च्या जागी सापडलेली खूण, म्हणजे @विषय@, जाऊन बसली ती यामुळे. & स्क्रिप्टमध्ये लिहिलेले नव्हते, व्हेरिएबलमधून आले होते, तरीही हे घडते, कारण बॅश व्हेरिएबल उलगडून झाल्यावर & शोधते. वेबपानाचेही मूळ हेच. तिथे अवतरणचिन्ह दाखवायला & ने सुरू होऊन अर्धविरामाने संपणारी खूण लिहावी लागते. त्या खुणेतला & गेला, मूळ अवतरणचिन्ह परत आले आणि मागे ‘क्वोट;’ उरले. खुद्द & साठीही अशीच खूण असते, पण तिथे & च्या जागी & च येते, म्हणून वेबपानावरचा तो विषय शाबूत राहिला. नुसत्या & ने चाचणी घेणाऱ्याला वेबपानात काहीच बिघडलेले दिसणार नाही.

उपाय दोन आहेत. घालायचा मजकूर, मग तो व्हेरिएबल असो की थेट लिहिलेली खूण, अदलाबदल ज्या महिरपी कंसात लिहितात, त्याच्या आत दुहेरी अवतरणचिन्हांत ठेवायचा. मग & हे & च राहते आणि तीच ओळ आमच्या ५.१ वरही तशीच चालते. किंवा बॅशच्या सोयी चालू-बंद करणाऱ्या शॉप्ट कमांडने ही सोय स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच बंद करायची. मात्र जुन्या बॅशला हे नावच ठाऊक नसल्याने ती ओळ तिथे तक्रार करते. मी पहिला उपाय निवडला. स्क्रिप्टमधला तुकडा उद्या कुणी उचलून दुसरीकडे नेला तर वरची ओळ मागे राहते, अवतरणचिन्हे सोबत जातात.

असे बदल पूर्वीही झाले आहेत. २००६ मध्ये उबुंटूने ६.१० आवृत्तीत ‘एसएच’ या शेलच्या सर्वसाधारण नावामागे बॅशऐवजी डॅश हा दुसरा, साधा शेल बसवला आणि बॅशच्या खास सोयी वापरणाऱ्या कित्येक स्क्रिप्ट अडल्या. २०१९ मध्ये ॲपलने मॅकओएस कॅटलिनात नव्या खात्यांसाठी बॅशऐवजी झेडशेल हा आणखी एक शेल आणला. त्यात यादीतला पहिला घटक शून्यावर नव्हे तर एकावर असतो आणि अवतरणाबाहेरच्या व्हेरिएबलचे शब्दांनुसार तुकडेही पडत नाहीत. निदान डॅश अडते तरी. गप्प राहून वेगळे उत्तर देणारा बदल शोधणे जास्त कठीण असते आणि सूचीसारख्या कामात तो महिनोन्महिने लक्षात येत नाही.

म्हणून वाचनालयांच्या आणि शाळांच्या चालकांना माझी विनंती आहे. प्रणाली चढवण्याचे काम देताना शेलची जुनी आणि नवी आवृत्ती कामाच्या पत्रात लिहून घ्या. नव्या संगणकाचे काम ताडून होईपर्यंत जुना हलवू देऊ नका. चाचणीच्या नोंदींत &, अवतरणचिन्ह, कंस, उलटी तिरपी रेघ आणि दोन शब्दांमधली मोकळी जागा असलेली नावे मुद्दाम घाला. आणि आपल्या दैनिकाला विनंती, की तंत्रज्ञानाच्या पानावर नव्या फोनच्या शेजारी या कामासाठीही थोडी जागा ठेवावी. तालुक्याच्या गावी एकट्याने संगणक सांभाळणाऱ्याला ही माहिती मराठीत वाचायला मिळेल.

आपली,
एक ग्रंथालय कर्मचारी, जि. सातारा