वेढा रेवदंड्याचा, फोटो जंजिऱ्याचा!

महोदय,

कालच्या पुरवणीतला चौलच्या वेढ्यावरचा लेख वाचला. मजकूर रेवदंड्याच्या, म्हणजे चौलच्या पोर्तुगीज किल्ल्याचा आणि वर छायाचित्र जंजिऱ्याचं! दोन्हीकडे तट आणि पाणी दिसतं, तेव्हा चालून जाईल असं वाटलं असावं.

असो. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशाहाला हा किल्ला घेता आला नाही, त्या अपयशाचं सगळं खापर लेखकाने दारूवर फोडलं आहे. पोर्तुगिजांनी मद्याच्या भेटी देऊन निजामशाही सरदार फोडले, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो हे खरं. पण हे गृहस्थ आधी नगरच्या चाकरीत होते आणि इतिहास लिहायला बसले विजापुरात. जुन्या धन्याच्या सरदारांबद्दल ते काय गोड लिहिणार? फौज डिसेंबर १५७० पासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत तळ ठोकून होती. इतके महिने भेटीची दारू पुरली, म्हणजे कमालच.

मी शाळेत इतिहास शिकवायचो तेव्हा सातवीची सहल रेवदंड्याला नेली होती. तटापाशी उभा राहून रंगात येऊन सांगत होतो, तोफा कुठे, मोर्चे कुठे, आतल्यांची कशी कोंडी झाली. मध्येच एक मुलगी म्हणाली, "सर, मग ते होडीने का नाही आणायचे सामान?" माझी बोलतीच बंद. आणायचेच की! गोव्याला स्वतःला आदिलशाहाचा वेढा पडलेला असतानाही तिथून चौलला कुमक आली ती समुद्रानेच. कालिकतच्या राजाची, झामोरिनची, गलबतं निजामशाहाच्या मदतीला आली खरी, पण टिकली नाहीत. त्या पोरीला जे एका वाक्यात सुचलं, ते आपल्या लेखात अर्ध्या पानात कुठेही नाही. पुढे १६८३ मध्ये संभाजी महाराजांच्या फौजेनेही इथे वेढा घातला, तरी ठाणं पडलं नाही. मराठ्यांकडे ते आलं १७४० मध्ये, तहाने. तेव्हाही दारूच आडवी आली होती का, हे लेखकमहाशयांना विचारून कळवावं.

हेच मागे सविस्तर लिहून पाठवलं होतं. आपण पत्र छापलंत, आभारी आहे, पण नेमका समुद्राचा परिच्छेद गाळून. उरलेलं वाचून मीच दारूची बाजू मांडतोय असा शेजाऱ्यांचा समज झाला, तो अजून गेलेला नाही. या वेळी जागा कमी पडली तर सहल कापा, समुद्र ठेवा.

आणि ते शब्दकोड्याचे चौकोन जरा मोठे करा हो. भिंग घेऊन बसावं लागतं.

आपला,
एक निवृत्त शिक्षक