आभा नंबर निघाला, पण रिपोर्ट कुठेत?

संपादक महोदय,
आभा कार्ड, म्हणजे पेशंटचे रिपोर्ट ज्याला जोडायचे तो आरोग्य खात्याचा डिजिटल नंबर, किती जणांचे निघाले याबद्दलची तुमच्या पेपरातली बातमी वाचली. योजनेला माझा पाठिंबाच आहे, पण नुसते नंबर किती निघाले एवढंच मोजत बसलं तर पेशंटच्या हातात काही पडत नाही.

आभा ज्याचा भाग आहे ते आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर २०२१ मध्ये देशभर सुरू झालं. यात रिपोर्ट सरकारकडे एका जागी जमा होत नाहीत, ज्या हॉस्पिटलात किंवा लॅबमध्ये तयार झाले तिथेच राहतात आणि पेशंटने संमती दिली की दुसऱ्या डॉक्टरला दिसतात. म्हणजे लॅबने रिपोर्ट आभाशी लिंकच केला नाही तर तो १४ अंकी नंबर असून उपयोग शून्य, आणि गाडी नेमकी इथेच अडते.

माझ्या आईचं आभा निघालंय, तरी परळला दाखवायला जाताना एक्सरेच्या फिल्म, रक्ताचे रिपोर्ट, जुन्या चिठ्ठ्या अशी जाडजूड पिशवी लोकलच्या गर्दीत छातीशी धरून न्यावी लागते, आणि एखादा कागद घरी राहिला की तीच टेस्ट परत, परत पैसे. क्यूआर स्कॅन करून ओपीडीचं टोकन मिळतं, रांग वाचते, ते खरंच बरं झालं. आता खाजगी लॅब आणि नर्सिंग होमना रिपोर्ट लिंक करणं बंधनकारक करा.

आणि काउंटरवर घाईघाईत ओटीपी मागताना तो कशासाठी हे मराठीत सांगा, कारण आभा ऐच्छिक आहे आणि दिलेली संमती मागे घेता येते हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

– एक वाचक, मुलुंड, मुंबई