भात बंद करण्याआधी

सातारा

चि. निखिल,
अनेक आशीर्वाद.

माझ्या मधुमेहाच्या काळजीने "आई, आजपासून भात बंद," असं फर्मान काढलंस आणि मीटिंग आहे म्हणून फोन ठेवूनही दिलास. म्हणून हे पत्र. यात तुला मला मध्येच तोडता येणार नाही.

तुझ्याकडे मोबाईलवरची यादी आहे: भात वाईट, भाकरी चांगली. माझ्याकडे वही आहे. जेवायला बसण्याआधी एकदा बोट टोचून रक्तातली साखर बघते आणि पहिल्या घासापासून दोन तास मोजून पुन्हा बघते. पानावरून उठल्यापासून नव्हे हं, पहिल्या घासापासून. डॉक्टरांनी मला जेवणाआधी ८० ते १३० आणि नंतर १८०च्या आत अशी हद्द घालून दिली आहे. पण माझं लक्ष असतं ते दोन आकड्यांमधल्या फरकावर. नुसत्या १७५ वरून काय कळणार? आधी ११० असेल तर त्या जेवणाने ६५ चढवले. आधीच १६० असेल तर जेवणाला बोल लावण्यात अर्थ नाही.

आता वहीतलं ऐक. दुपारी वाटीभर भात, घट्ट वरण, मेथीची भाजी, काकडीची कोशिंबीर: ११८ वरून १६४. दोन मोठ्या ज्वारीच्या भाकऱ्या आणि पातळ पिठलं: १२१ वरून १९२. भाकरीवर माझा राग नाही, पण तीही पिठाचीच ना! एकच भाकरी आणि वाटीभर मटकीची उसळ घेतली की गाडं हद्दीत राहतं. भाजी, उसळ आधी आणि भात-भाकरी शेवटी खाल्ली तरी फरक पडतो, हेही करून बघितलं. तुझ्या बाबांना ते बघवत नाही, "हे काय उलटं जेवण" म्हणतात.

खरा गुन्हेगार सापडला तो सकाळी. बशीभर कांदेपोहे: १२६ वरून २३१. पोहे म्हणजे तांदूळच, मग दुपारचा भात इतका का चढत नाही? एक तर दुपारी सोबत डाळ-भाजी असते. शिवाय पहाटे शरीर उठायच्या तयारीला लागतं, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि त्या वेळी साखर आटोक्यात ठेवणाऱ्या इन्शुलिनचा जोरही कमी पडतो. म्हणून पोहे अर्धे केले, अर्धी वाफवलेली मटकी घातली. आकडा १८०च्या आसपास आला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे विज्ञानाच्या तासाला तुझ्या वर्गालाही शिकवलं होतं मी.

साबुदाण्याची खिचडी मात्र लबाड. दोन तासांनी १७२, म्हणजे अगदी शहाण्यासारखी. तीन तासांनी २०९! तूप आणि दाण्याचं कूट यामुळे पोट सावकाश रिकामं होतं, साखर उशिरा चढते. एकादशी सोडणार नाही, पण खिचडी आता चार चमचे, आणि वर ताक.

जेवणानंतर पंधरा मिनिटं अंगणात फेऱ्या मारते. चालताना स्नायू साखर ओढून घेतात, इन्शुलिनची फार वाट बघत नाहीत. तुझ्या सगळ्या यादीपेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

शेजारच्या काकू परवा घाबऱ्याघुबऱ्या आल्या, साखर ३१२! आंबा चिरून तशाच बोट टोचून बसल्या होत्या. साबणाने हात धुऊन, कोरडे करून पुन्हा बघितली तर १४९. आणि मीटरचा आकडाही थोडा इकडेतिकडे होणारच, १५ टक्क्यांपर्यंतचा फरक चालतो त्यात. तेव्हा १६० आणि १७० यावरून मला फोन करायचा नाही.

आता मुख्य मुद्दा. माझ्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे. ती गोळी स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते, मग मी जेवलेली असो वा नसो. तुझं ऐकून एकदम भात-पोळी सोडली तर साखर ७०च्या खाली जायची, घाम, थरथर, चक्कर. तशी गेलीच तर काय करायचं ते बाबांना पाठ आहे: तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. पण आधी गोळी कमी करून घ्यायची, मग ताट. आणि ते डॉक्टर ठरवतील.

दंडावर लावायचा तो सेन्सर घ्यायचा म्हणतोस, तो एकदा लावून बघायला माझी हरकत नाही. रात्री झोपेत काय चालतं ते वहीत येत नाही. तो कातडीखालच्या द्रवातली साखर मोजतो, रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो, एवढं लक्षात ठेव. पण माझे आकडे तुझ्या मोबाईलवर दिसायचे नाहीत. ऑफिसात बसून "आई, आत्ता काय खाल्लंस?" हे मला चालणार नाही. चौदा दिवसांनी मीच सगळं दाखवीन.

तुझीही साखर करून घे, उपाशीपोटीची आणि तीन महिन्यांच्या सरासरीची, दोन्ही. आईला मधुमेह आहे आणि तू दिवसभर खुर्चीत असतोस. उपाशीपोटीची १००च्या वर आली तर सांग, ओरडणार नाही.

शनिवारी येताना पट्ट्यांची डबी आण, पन्नासची. मुदत बघून घे, आणि गाडीत उन्हात ठेवू नकोस, बिघडतात.

तुझी,
आई