ज्या ताईंनी कोरल द्यायला नकार दिला, त्यांना

प्रिय ताई,

तुमच्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीतल्या हिरव्या मॉन्टिपोराचा, म्हणजे एका कठीण कोरलाचा (प्रवाळाचा), एक तुकडा मी मागितला आणि तुम्ही सरळ "आत्ता नाही" म्हणालात, त्याबद्दल सगळ्यात आधी आभार. मी तेव्हा खट्टू झाले होते, ते तुमच्या लक्षात आलंही असेल. माझ्या टाकीतला अमोनिया आणि नायट्राइट केव्हाच शून्यावर आले होते, मासे मजेत होते, खडकांवर जांभळी झाक धरू लागली होती. आणखी काय हवं, असं मला वाटत होतं. तुम्ही मात्र एकच प्रश्न विचारलात: "तुझ्या पाण्याची अल्कलिनिटी चोवीस तासांत किती उतरते?" अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातला कार्बोनेट-बायकार्बोनेटचा साठा. माझ्याकडे उत्तर नव्हतं. "ते कळलं की ये," म्हणालात आणि तुमचं जुनं टेस्ट किट माझ्या हातात ठेवलंत.

पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुम्ही शिकवलेलं मी एकटीने ठेवून घ्यावं असं मला वाटत नाही. नाव घालू नकोस असं तुम्ही बजावलंय, म्हणून नाव नाही.

त्या किटबद्दल थोडं सांगायलाच हवं. नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, थेंब थेंब द्रावण सोडायचं आणि निळा रंग पिवळा होईपर्यंत थेंब मोजायचे. एक थेंब म्हणजे एक डीकेएच, अल्कलिनिटी मोजायचं एकक. काम किरकोळ. पण तुम्ही अट घातलीत: रोज एकाच वेळी मोजायचं, नळी पांढऱ्या कागदासमोर धरायची, आणि आकडा वहीत लिहायचा, मोबाइलमध्ये नाही. सुरुवातीला वहीत काही घडतच नव्हतं. कोरल नसलेल्या टाकीत अल्कलिनिटी उतरणार तरी किती? मला ते वेळ घालवणं वाटायचं. पुढे पहिली कोरलं आली आणि तोच आकडा हळूहळू खाली सरकायला लागला, तेव्हा त्या रिकाम्या पानांची किंमत कळली. उतार कोरलांमुळे आहे हे छातीठोकपणे सांगता आलं, कारण आधीची सपाट रेघ वहीत होती.

अल्कलिनिटीच का, कॅल्शियम का नाही, हे तुम्ही मला कागदावर मांडून दाखवलंत, आणि तो हिशोब मी आजवर बऱ्याच जणांना सांगितलाय. कोरल आपला सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतं. बांधताना साधारण 2.8 डीकेएच अल्कलिनिटी खर्च झाली की त्याबरोबर सुमारे 20 पीपीएम (दशलक्षात 20 भाग) कॅल्शियम जातं. म्हणजे टाकीने दिवसाला अर्धा डीकेएच खाल्ला, तर कॅल्शियम घटलं जेमतेम साडेतीन पीपीएम. पाण्यात असतं 420 च्या आसपास. घरगुती किटला एवढा फरक दिसणारच नाही. उलट 8 मधून रोज अर्धा गेला तर दोन दिवसांत एक थेंब कमी लागतो आणि ते लगेच कळतं. म्हणून कोरलांची भूक अल्कलिनिटीवरून ओळखायची, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम अधूनमधून तपासलं तरी चालतं. बाटल्यांवरची रंगीत लेबलं वाचून जे डोक्यात शिरलं नव्हतं, ते तुमच्या त्या चार ओळींत शिरलं.

आणि आकडा कोणता हवा, यावर तुम्ही कधीच वाद घातला नाहीत. समुद्रात अल्कलिनिटी 7 च्या जवळ असते, टाकीत कोणी 8 ठेवतं, कोणी 10. तुमचं म्हणणं एवढंच की जो धरशील तो धरून राहा. आज 7, उद्या 10 असं झालं तर अ‍ॅक्रोपोराची, म्हणजे फांद्यांसारख्या वाढणाऱ्या कठीण कोरलाची, टोकं जळून पांढरी पडतात, आणि मग माणूस दिव्याला दोष देत बसतो.

पाण्याच्या बाकीच्या गोष्टी तुम्ही पटापट उरकल्यात, मीही उरकते. वाफ होऊन जातं ते पाणी, मीठ मागेच राहतं, म्हणून वरची भर नेहमी गोड्या, आरओ-डीआयच्या म्हणजे गाळून क्षार काढलेल्या पाण्याने. क्षारता 35 पीपीटी, म्हणजे हजारात 35 भाग मीठ. क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर नाही तर 35 पीपीटीच्या द्रावणावर जुळवायचा, कारण आपल्याला अचूकपणा तिथे हवा असतो. पीएच कमी आला की बाटली उघडण्याआधी खोलीची खिडकी उघडायची. बंद खोलीत माणसांच्या श्वासाने कार्बन डायऑक्साइड साठतो आणि तो पाण्यात उतरतो. ही शेवटची गोष्ट मला थट्टा वाटली होती. करून पाहिली, पीएच चढला.

शेवटी तुम्ही कोरल दिलंत, ते मॉन्टिपोरा नव्हतंच. डिस्कोसोमा मशरूम आणि ग्रीन स्टार पॉलिप दिलेत, तेही "याला वेगळ्या खडकावर ठेव, नाहीतर सगळं व्यापेल" असं सांगून. मऊ कोरलं आधी, मग युफिलियासारखी मोठ्या पॉलिपची, आणि अ‍ॅक्रोपोरा-मॉन्टिपोरा सगळ्यात शेवटी, हा क्रम तुम्ही मोडू दिला नाहीत. दिव्याचंही तसंच. माझा नवा दिवा पूर्ण जोरावर लावायची मला घाई होती. तुम्ही पीएआर मीटर, म्हणजे कोरलाच्या उपयोगाचा उजेड मोजायचं यंत्र, घेऊन आलात, पाण्यात जागोजागी धरून आकडे लिहिलेत: मशरूमच्या जागी 80, टॉर्चच्या (युफिलियाच्याच एका प्रकाराच्या) जागी 130, आणि वरच्या खडकावर 300. "ही वरची जागा मॉन्टिपोराची. तोवर रिकामी राहू दे." पुढे मॉन्टिपोराचा तुकडा तुम्ही दिलात, तेव्हाही खालच्या वाळूवरून वर यायला त्याला कित्येक आठवडे लागले. कोरलाच्या ऊतींमधलं शैवाल एवढ्या उजेडाला हळूहळूच सरावतं. घाई केली तर कोरल ते शैवाल बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. समुद्र तापल्यावर प्रवाळ बेटांवर दिसतं ते ब्लीचिंग याच जातीचं. खाण्यापिण्यातला मोठा वाटा हे शैवालच पुरवतं, ते गेलं की उपासमार.

निळ्या उजेडाबद्दलचं तुमचं मत मात्र मला अजून पूर्ण पटलेलं नाही. गडद निळ्यात सगळंच झगमगतं आणि आजारी कोरलही सुंदर दिसतं, हे खरं. म्हणून मी दिवसातून थोडा वेळ पांढरा उजेड लावून तपासणी करते. पण संध्याकाळी निळाच. तेवढी सूट द्या.

एका गोष्टीबद्दल तर वेगळे आभार मानायला हवेत. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर आणायचं वेड माझ्या डोक्यात शिरलं होतं, कारण स्वच्छ पाणी म्हणजे शून्य, असं सगळीकडे ऐकलं होतं. तुम्ही विचारलंत, "शैवाल पोसतेस ना कोरलाच्या आत? मग त्याला नायट्रोजन-फॉस्फरस कोण देणार?" शून्य पाण्यात कोरलांचे रंग फिके होतात, आणि मोकळ्या जागेवर तपकिरी, चिकट, बुडबुडे धरणारे डायनोफ्लॅजेलेट्स बसतात, जे काढताना नाकी नऊ येतात. तुमच्या सांगण्यावरून मी माशांना थोडं जास्त खायला घातलं, पाण्यातली घाण फेसातून काढणारा स्किमर जरा मंद केला, नायट्रेट 5 आणि फॉस्फेट 0.05 पीपीएमच्या आसपास राहू दिलं. कोरलं भरली. रसायनं विकणाऱ्याने हा सल्ला कधीच दिला नसता.

आता फ्रॅगिंगचा, म्हणजे कोरल कापून त्याचे नवे तुकडे लावण्याचा दिवस. तुमच्याकडची अ‍ॅक्रोपोराची वसाहत दिव्याला टेकायला आली होती, आणि तुम्ही मला मुद्दाम बोलावलंत. टेबलावर जुना टॉवेल, दोन वाडग्यांत टाकीचंच पाणी, हाडं कापायची कात्री, जेल सुपरग्लू आणि तुकडे चिकटवायचे सिरॅमिकचे छोटे प्लग. पाण्याबाहेर काढलेल्या फांदीने लगेच बुळबुळीत चिकट स्राव सोडला. त्याचा उग्र, खारट वास हातमोज्यांनाही चिकटून राहतो. तुम्ही बोटभर फांदी धरलीत आणि कात्री दाबलीत. कट्ट. आत सांगाडा पांढराशुभ्र, आणि कापलेल्या कडेला रंगीत कातडी कागदाइतकी पातळ. एवढं सगळं जिवंतपण त्या पातळ थरात आहे, हे मी तोवर वाचलं होतं, पाहिलं नव्हतं. प्लगवर ग्लूचा गोळा, त्यावर फांदी, पाण्यात बुडवून क्षणभर धरली की ग्लूवर साय धरते. मग आयोडीनच्या पाण्यात डुबकी आणि रॅकवर.

"आता पंधरा दिवस बघूही नकोस," असं म्हणालात. मी बघितलंच. ग्लूच्या कडेवर आधी एक फिकट, जवळजवळ पांढरी रेघ आली, तळ पसरू लागल्याची. ती रेघ रुंदावत गेली, ग्लू झाकला गेला, प्लगचा काठ झाकला गेला, आणि मगच टोकाने वर तोंड काढलं. आधी पाया, मग उंची. वाढ कुठे बघायची हे तुम्ही सांगितलं नसतं तर मी टोकाकडेच टक लावून बसले असते आणि काहीच होत नाही म्हणून फांदी हलवत राहिले असते.

हातमोजे आणि चष्म्याबद्दल तुम्ही ज्या कडकपणे बोललात, तेही इथे लिहिते, कारण नवख्यांना कोणी सांगत नाही. झोअँथिड आणि विशेषतः पॅलिथोआ कोरलांत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असू शकतं. अशा कोरलांचा खडक साफ करायला म्हणून उकळला आणि त्या वाफेने घरचे सगळे आजारी पडले, असे प्रकार नोंदले गेलेले आहेत. खडक उकळायचा नाही, कधीच नाही. कापताना डोळे झाकलेले, हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी.

कोणाकडूनही आलेलं कोरल थेट टाकीत सोडायचं नाही, हा तुमचा दुसरा हट्ट. तुम्ही दिलेलंसुद्धा नाही! औषधाच्या डुबकीने मॉन्टिपोरा खाणाऱ्या न्यूडिब्रँक या समुद्री गोगलगायी झडतात, त्यांची अंडी झडत नाहीत. म्हणून वेगळ्या टाकीत ठेवायचं, प्लगची खालची बाजू भिंगाने बघायची, पुन्हा डुबकी द्यायची. एकदा मला तिथे खरोखर अंडी दिसली, पांढऱ्या ठिपक्यांचा छोटासा घोस. तो अख्खा प्लग फेकला, तुकडा नव्या प्लगवर चिकटवला. मुख्य टाकी वाचली.

कोरल कुठून आलं हे विचारल्याशिवाय घ्यायचं नाही, हेही तुमच्याकडूनच. कठीण सांगाड्याची सगळी प्रवाळं सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराला परवाना लागतो, आणि काही देशांत तर ती जवळ बाळगायलाही बंदी आहे. आधी आपल्याकडचा कायदा बघ, मग टाकीतच वाढलेला तुकडा शोध, असं तुम्ही म्हणायचात. हे सांगताना तुम्ही नेहमी जुन्या गोष्टींत शिरायचात. इंडोनेशियाच्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये जिवंत खडक (सूक्ष्मजीवांनी भरलेला समुद्रातला खडक) आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर चालणारी टाकी लिहून मांडली ती हकीकत. बर्लिनच्या डीट्रिश श्टूबर यांनी आपल्या टाकीतल्या अ‍ॅक्रोपोराचे तुकडे वाटले आणि ते हातोहात दूरवर पोचले ती. अलीकडचं सांगताना तर तुमचा आवाजच चढायचा. लंडनच्या हॉर्निमन संग्रहालयात जेमी क्रॅग्ज आणि सहकाऱ्यांनी तापमान, दिवसाची लांबी आणि चांदणं यांचं चक्र टाकीत हुबेहूब उभं करून अ‍ॅक्रोपोराला अंडी सोडायला लावलं, त्याचा शोधनिबंध 2017 चा. दोन वर्षांनी फ्लोरिडा अ‍ॅक्वेरियमने पिलर कोरलच्या बाबतीत तेच साधलं. घरच्या हौशी माणसाने वापरलेले पंप आणि एलईडी तिथे कामाला आले, हे सांगताना तुम्हाला होणारा आनंद मला फार आवडतो.

तुकडे वाटायचे ते उपकार म्हणून नाही, विमा म्हणून, असं तुम्ही म्हणायचात. तुमच्या हीटरचा थर्मोस्टॅट चालू अवस्थेतच अडकला आणि सकाळी पाणी कोमट लागलं, त्या दिवशी ते खरं ठरलं. अ‍ॅक्रोपोराची कातडी तासाभरात सोलून निघत होती. हिरवा मॉन्टिपोराही गेला. तुम्ही फोनवर एवढंच म्हणालात, "तुझ्याकडचा आहे ना?" होता. तुमच्याच तुकड्याचा माझ्याकडे ताटाएवढा झाला होता. मी त्याचे मोठे तुकडे करून आणले, आणि तुम्ही काय केलंत? डुबकी दिलीत, भिंग काढलंत आणि प्लग उलटे करून पाहिलेत. मला हसू आवरेना. तुम्ही अजिबात हसला नाहीत.

तर ताई, टॉर्चचं मधलं डोकं आता दुभंगलंय, दोन तोंडं स्पष्ट दिसतायत. सांगाडा पुरता वेगळा झाला की एक फांदी तुमची. रात्री टॉर्चचे लांब तंतू शेजारच्या मॉन्टिपोरापर्यंत पोचतात, म्हणून त्याला वीतभर बाजूला सरकवलंय. अ‍ॅक्रोपोराचेही दोन प्लग तुमच्या नावाने रॅकवर आहेत, तळ पूर्ण पसरलेले. हीटरला वेगळा तापमान कंट्रोलर बसवलात की कळवा. तो बसल्याशिवाय मी काही देणार नाही.

तुमचीच,
तुमच्या मॉन्टिपोराची राखणदार